‘आपण मूळचे कुठले?’
(मंडळाच्या सातारा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात शिक्षणासंबंधी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी मला केली. आयुष्याची बरीच वर्षे इंग्रजी भाषा शिकविण्यात गेल्यामुळे मी त्याच बाजूने काही सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती मी पुरी करणार आहे. तथापि संपूर्ण इंग्रजी व्याकरणाचा भार आपल्या मस्तकी न टाकता, त्या भाषेतील केवळ दोन शब्दांच्या एका प्रयोगाविषयीच बोलावे असे मी ठरविले आहे. तो प्रयोग म्हणजे ‘कम फ्रॉम’. एवढ्या क्षुल्लक विषयासाठी आपला वेळ का घ्यावा, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा प्रयोग ज्या प्रश्नातून आपल्यापुढे येतो, तो ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्या समाजात सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याच्या पोटात पुष्कळ काही दडलेले असते.

प्रथम भाषेचा भाग पाहू. मुलाखतीस गेलेल्या उमेदवाराला ‘व्हेअर डू यू कम फ्रॉम?’ असे विचारले जाते. आपली मुले बहुधा ‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’ असे उत्तर देतात. काही मुले ‘आय बिलाँग टू सातारा’ म्हणतात. दोन्ही उत्तरांचा आशय समजतो, पण दोन्ही इंग्रजी कानाला खटकतात. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘मी या घटकेला साताऱ्याहून येण्याच्या वाटेवर आहे’ असा होतो. जणू उमेदवार अद्याप गाडीतच बसलेला आहे. दुसऱ्या वाक्यातील क्रियापद मालकी, सभासदत्व किंवा एखाद्या समूहात सामावलेले असणे दाखविते. नुसते मूळ गाव सांगण्यास ते चालत नाही. ‘आय हॅव कम फ्रॉम सातारा’ म्हटले, तर आताच प्रवास करून पोचलो असा बोध होतो. मूळ सांगावयाचे तर साधा वर्तमानकाळच हवा: ‘आय कम फ्रॉम सातारा’.

आपली मुले येथेच का अडखळतात? त्यांचा अभ्यास कच्चा असतो म्हणून नव्हे, तर त्यांची मराठी पक्की असते म्हणून. ‘मी साताऱ्याहून येतो’ असे मराठीत म्हटले की ऐकणारा समजतो, हा गृहस्थ रोज सकाळी एस. टी.ने येतो आणि सायंकाळी परत जातो. आपल्या भाषेत माणसाच्या बाबतीत ‘येणे’ म्हणजे पायांनी किंवा वाहनाने येणेच होय. त्या क्रियापदाने जन्माचे आणि कुळाचे नाते सांगण्याची रीत आपल्याकडे नाही. म्हणून शब्दाला शब्द ठेवणारा विद्यार्थी इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ पाहून गोंधळतो आणि त्याला चालू काळाची जोड देतो.

परंतु मराठीत एक जागा अशी आहे, की जेथे आपणही हुबेहूब इंग्रजीसारखेच बोलतो. सांगलीच्या घाटावर उभा राहून कोणी पोराने विचारले, ‘हे पाणी कुठून येते?’ तर आपण म्हणतो, ‘कृष्णा महाबळेश्वराहून येते.’ येथे आपण ‘आली’ म्हणत नाही आणि ‘येत आहे’ असेही म्हणत नाही. वाईवरून, माहुलीच्या संगमावरून, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन कृष्णा सांगलीस पोचली, तरी तिचे महाबळेश्वराहून येणे संपलेले नसते. उगमाशी तिचा धागा प्रत्येक क्षणी जोडलेला असतो. इंग्रजी माणूस ‘आय कम फ्रॉम’ म्हणतो तेव्हा तो स्वतःविषयी नदीच्या भाषेत बोलत असतो, एवढे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून दिले की हा प्रयोग पुन्हा चुकत नाही, असा माझा अनुभव आहे. शब्द, चालीरीती, धान्य, पैसा यांचे मूळ सांगतानाही इंग्रजीत हेच क्रियापद येते. ‘हेल फ्रॉम’ हा आणखी एक प्रयोग वर्तमानपत्रांत दिसतो. तो दर्यावर्दी लोकांकडून आलेला आहे. समुद्रात दुसरे जहाज दिसले की त्याला हाक घालून ‘कोणत्या बंदराचे?’ असे विचारीत, आणि बंदराचे नाव हेच उत्तर असे. हा प्रयोग भारदस्त आहे. मुलाखतीत साधे ‘कम फ्रॉम’ अधिक शोभते.

आता आपल्या भाषेकडे वळू. ‘मी साताऱ्याचा.’ या वाक्यात क्रियापदच नाही. एका ‘चा’ प्रत्ययाने सारे काम भागते, आणि तो प्रत्यय बोलणाऱ्याप्रमाणे बदलतो: मुलगा साताऱ्याचा, मुलगी साताऱ्याची, मंडळी साताऱ्याची. ज्या प्रत्ययाने आपण ‘घराचा उंबरा’ आणि ‘आईचा मुलगा’ म्हणतो, त्याच प्रत्ययाने गावाचे नाते सांगतो. इंग्रज गावापासून निघतो. आपण गावाचे असतो. या दोन भाषांच्या दोन दृष्टी आहेत. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, परंतु भेद ओळखला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा किती सूक्ष्म विचार केला होता, हे पाणिनीच्या व्याकरणात दिसते. एखाद्या गावाच्या नावास प्रत्यय लागून माणसाचे विशेषण तयार होते, त्याचे निरनिराळे अर्थ पाणिनीने निरनिराळ्या सूत्रांत सांगितले आहेत. तेथून आलेला, हा एक अर्थ. तेथे ज्याचा निवास आहे, हा दुसरा. आणि ते ज्याचे ‘अभिजन’ आहे, हा तिसरा. सध्या आपण जेथे राहतो तो निवास, आणि आपले पूर्वज जेथे राहत आले ते अभिजन, असा भेद पुढे पतंजलीने स्पष्ट केला. मथुरेहून आलेला, मथुरेत राहणारा आणि ज्याचे पूर्वज मथुरेचे, असे तिघेही ‘माथुर’च, पण वैयाकरणांनी तिघांची वेगवेगळी नोंद घेतली. आज आपण ‘कुठले?’ एवढ्या एकाच शब्दात हे सगळे प्रश्न कोंबतो, आणि मग उत्तर देणाऱ्याची तारांबळ उडते.

ही तारांबळ आपल्या जिल्ह्यातील थोर पुरुषांच्या चरित्रांतही दिसते. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. वडिलांकडचे घराणे विट्याकडचे. आणि महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो कऱ्हाडचे म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोज येथे जन्मले, घर ऐतवडे बुद्रुकचे, आणि कर्मभूमी सातारा. ‘हे कुठले?’ या प्रश्नाला प्रत्येकाची तीन-तीन उत्तरे आहेत, आणि एकही खोटे नाही. जन्मस्थान, अभिजन आणि कर्मभूमी यांपैकी ‘कम फ्रॉम’ने कोणते घ्यावयाचे, हे इंग्रजीतही बोलणाऱ्यावरच सोपविलेले असते. ‘आय वॉज बॉर्न इन’ म्हणजे ‘आय कम फ्रॉम’ नव्हे. ज्या गावाने आपल्याला घडविले असे मनापासून वाटते, त्याचे नाव तेथे घ्यावे.

गावावरून पडणाऱ्या आडनावांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. वाईत राहणारे सारेच वाईकर. म्हणून वाईत कोणालाही वाईकर म्हणण्याचे कारण पडत नाही. माणूस वाई सोडून पुण्याला किंवा मुंबईला गेला, म्हणजे तेथे त्याला वाईकर ही ओळख मिळते. तेव्हा आपली फलटणकर, कऱ्हाडकर, मिरजकर ही आडनावे गावात राहिल्याची नव्हेत, तर कोणा पूर्वजाने गाव सोडल्याची साक्ष देतात. गोव्यातील मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव धारण केले, आणि ते नाव सांगलीच्या रंगभूमीवर व पुढे जगभर गाजले. किर्लोस्कर हे आडनाव कोकणातील गावावरून आलेले. पण १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर त्या घराण्याने कारखाना उभारला, आणि आडनावावरून किर्लोस्करवाडी हे नवे गाव जन्मास आले. गावाने माणसाला नाव द्यावे आणि माणसाने ते दुसऱ्या गावाला द्यावे, असा हा व्यवहार आहे.

मंडळी, आतापर्यंत मी जे बोललो ते गोड होते. आता थोडे कडू बोलण्यास अनुज्ञा असावी.

याच सातारा शहरात, राजवाड्यातील शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एका मुलाचे नाव दाखल झाले. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. मुलाचे नाव भिवा रामजी आंबावडेकर. जन्म महूचा, घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे ऊर्फ आंबावडे गावचे, आणि विद्यारंभ साताऱ्याचा. पुढे शाळेतच या आडनावाचे आंबेडकर झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते, ही साताऱ्याच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्याच बालकाच्या वाट्यास आपल्याच जिल्ह्यात जे आले, ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९०१ साली वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी नोकरीस असताना त्यांच्या भेटीसाठी ही भावंडे साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनात उतरली. अंगावर चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. कुठून आलात, कुठे जाणार, कोण तुम्ही? मुलांनी निरागसपणे आपली जात सांगितली, तसा त्याचा चेहरा पालटला आणि तो दूर सरला. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवाले त्यांना गाडीत घेण्यास तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले तेव्हा प्रवास सुरू झाला. वाटेत त्या मुलांना पाणी मिळाले नाही.

या प्रसंगात ‘कुठून आलात?’ या निरुपद्रवी प्रश्नापासून ‘कोण तुम्ही?’ या प्रश्नापर्यंतचे अंतर किती थोडे होते, ते पाहा. आपल्याकडे गाव विचारणे ही पुष्कळदा पहिली पायरी असते. मग आडनाव, मग कुलदैवत, मग भावकी, आणि शेवटच्या पायरीवर जात उभी असते. गाव सांगून समाधान झाले नाही, तर ‘मूळचे कुठले?’ असे पुन्हा विचारले जाते. त्या ‘मूळचे’ शब्दाचा अर्थ विचारणाऱ्यास ठाऊक असतो आणि सांगणाऱ्यासही. शहरात खोली भाड्याने देताना, पंगतीत पाट मांडताना, नोकरीच्या ठिकाणी पहिल्या दिवशी हा प्रश्न कसा विचारला जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकास माहीत आहे. आपले मंडळ ज्ञातीचे आहे, म्हणूनच हे बोलण्याचे स्थळ येथेच आहे असे मी मानतो. ज्ञातीतील गरीब विद्यार्थ्यास हात देणे निराळे, आणि परक्यास तोलण्यासाठी त्याचे मूळ उकरणे निराळे. पहिल्यासाठी आपण एकत्र आलो आहो. दुसऱ्याचा वास आपल्या अंगास लागता कामा नये.

दुसरी वाट याच भूमीने दाखविली आहे. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी तेथे भेट दिली आणि त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तेथे ‘तू कुठला रे?’ या प्रश्नाचे उत्तर गावाच्या नावाशी संपत असे. प्रश्न तोच, शब्द तेच. पण विचारणाऱ्याचा हेतू पालटला की प्रश्नाची जात पालटते.

भगिनीवर्गाकडे आता वळतो. पुरुषाला आपण ‘कुठले?’ विचारतो, स्त्रीला मात्र ‘माहेर कुठले?’ असे निराळे विचारावे लागते, कारण नुसते ‘कुठल्या?’ विचारले तर सासरचेच उत्तर अपेक्षित असते. सावित्रीबाई फुले पुण्याच्या म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु १८३१ साली त्यांचा जन्म झाला तो खंडाळा तालुक्यातील नायगावी; आणि फुल्यांचे मूळ घराणेही खटाव तालुक्यातील कटगुणचे. इंग्रजी ‘कम फ्रॉम’ स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. विवाहाने तो पालटत नाही. आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीत मात्र स्त्रीच्या नावापुढे पतीचे गाव तेवढे छापले जाते. नायगावची नदी केवळ पुण्यापासून सुरू झाल्याचे दाखविण्यासारखेच हे नव्हे काय?

तिसरी गोष्ट स्थलांतराची. सातारा जिल्ह्याचे १९४९ साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. वाळवे, तासगाव, खानापूरकडील शेतकऱ्याने घराचा उंबरादेखील हलविला नाही, तरी अकरा वर्षांत त्याच्या जिल्ह्याचे नाव दोनदा बदलले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र आणि प्रतिसरकारचे कुंडल ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. पण इतिहासात ते सरकार साताऱ्याचेच राहिले. खानापूर-आटपाडीकडील आपले गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या धंद्यानिमित्त साऱ्या हिंदुस्थानभर पसरले आहेत. त्यांच्या ज्या मुलांचा जन्म केरळात वा तामिळनाडूत झाला, शाळा तेथल्या भाषेत झाली, त्यांना कोणी ‘कुठले?’ विचारले तर ती विट्याचे नाव सांगतात. गावच्या यात्रेला घर उघडण्यापुरता त्यांचा निवास येथे उरला असेल. परंतु अभिजन येथले आहे. पाणिनीचा भेद त्यांच्या जीवनात अक्षरशः जिवंत आहे.

आणि ज्यांचे गावच उरले नाही, त्यांचे काय? कोयना धरणाच्या जलाशयाखाली जावळी-पाटण भागातील अनेक गावे गेली. तेथील कुटुंबे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत पांगली. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, दिवे लागले. पुनर्वसनाच्या तक्रारी मात्र पिढ्यान् पिढ्या रेंगाळल्या. या बांधवांनी ‘कुठले?’ या प्रश्नास काय उत्तर द्यावे? मराठीत ‘आमचे गाव अमुक होते’ असा भूतकाळ ओठांवर येतो. तेथे मला इंग्रजीतील तो साधा वर्तमानकाळ फार मोलाचा वाटतो. गाव पाण्याखाली गेले तरी ‘आय कम फ्रॉम’ हे ‘आय केम फ्रॉम’ होत नाही. कागदपत्रांच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. जातीच्या दाखल्यासाठी आपल्या राज्यात अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. आजोबा कोठे राहत होते, हे सांगता न आल्याने नातवाची शिष्यवृत्ती अडून राहते. तेव्हा मूळ गावाची नोंद हा नुसता हळवेपणा नाही. ती पोटाची व शिक्षणाची बाब आहे.

म्हणून शेवटी मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, पुढील कुटुंबसूचीत प्रत्येकाच्या नावापुढे निवास आणि मूळ गाव असे दोन स्वतंत्र रकाने असावेत, व जे गाव धरणाखाली गेले असेल त्याचेही नाव तालुक्यासह छापावे. दुसरी, प्रत्येक विवाहित भगिनीच्या नावापुढे तिचे माहेर छापावे. तिसरी, घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर जुने सातबारा उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी यांच्या नकला काढून ठेवण्याच्या कामी तरुण सभासदांनी साह्य करावे. गरजवंत दुसऱ्या ज्ञातीचा असला तरी त्यास नाही म्हणू नये.

तरुण मित्रांना एवढेच सांगतो. मुलाखतीत प्रश्न आला की मान खाली न घालता स्पष्ट म्हणा, ‘आय कम फ्रॉम’, आणि पुढे आपल्या वाडीचे, वस्तीचे, गावाचे नाव घ्या. ते नाव लहान आहे म्हणून जवळच्या शहराचे नाव पुढे करू नका. आणि उद्या खुर्चीच्या पलीकडे बसण्याची पाळी तुमच्यावर आली, तर समोरच्या मुलाने गावाचे नाव सांगताच तेथे थांबा. त्याला बसावयास सांगा, आणि कामाचे विचारा.